एल्नाच्या पाट्या

पहिली पाटी मी खुराड्याच्या फळीवर रंगवली.
मागच्या बाजूला कोंबड्यांच्या विष्ठेचे ठिपके तसेच.
एल्ना म्हणाली, असू दे, ती बाजू झाडाकडे कर.
नुसतं नाव होतं तेव्हा: एल्ना राउतिओ.
कशासाठी उभी आहे ते लिहायची गरजच नव्हती.
आमच्या टाउनशिपमध्ये मतं एकशे नव्वद,
आणि तळ्यावरच्या पुलाला भोक पडलंय
हे त्या एकशे नव्वदांना ठाऊक, त्यांच्या कुत्र्यांनाही.

अकरा मतांनी आली.
मग पहाटे तीनला बर्फ ढकलणाऱ्या गाडीत
हायनोच्या शेजारी बसायला लागली,
मांडीवर थर्मास, हातात वही.
कोणत्या मोरीत पाणी गोठलं,
सिग्रिडच्या फाटकाशी जरा सबुरीनं,
तिची टपालपेटी वाकडी आहे.
आमचं सगळं गाव होतं त्या वहीत,
कुणाच्या दाराशी किती बर्फ, कुणाच्या पोटात किती राग.

काउंटी बोर्डाच्या वेळी नावाखाली एक ओळ आली.
मी अक्षरं थोडी आखडली.
मग निघाली लॅन्सिंगला, राजधानीत,
आणि पाटीवर काय काय आलं:
राज्य प्रतिनिधिगृह, जिल्ह्याचा आकडा,
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत पैसे कोणी दिले ते.
हुद्दा वाढला की नावाला जागा कमी पडते.
हे मी रंगारी म्हणून सांगतोय, टोमणा म्हणून नाही.
बरं, थोडा टोमणा म्हणूनही.

त्यानंतरच्या पाट्या ट्रकनं आल्या,
मोठ्या पुलापलीकडून, तारेच्या पायांवर उभ्या,
चारशे, सगळ्या एका साच्याच्या.
त्यावर तिचा फोटो, दात दाखवून हसणारा.
एल्ना तशी हसत नाही.
शाळेत हॉकी खेळताना पुढचा एक दात गेलाय तिचा.
फोटोत तो होता.

रस्ते समितीवर बसली, तेव्हा आम्ही केक कापला.
म्हटलं, आता पूल झालाच.
पुलाचा कागद तिच्यापुढे गेला, सहाशे पुलांच्या यादीत.
रोजच्या गाड्या: एक्केचाळीस.
तिनं तो खाली सरकवला.
पत्र पाठवलं, हातानं लिहिलेलं:
दक्षिणेत एका पुलावरून शाळेच्या बारा बस जातात,
त्याचे खांब मी स्वतः पाहून आले.
हायनोनं पत्र दुकानाच्या काउंटरवर पालथं ठेवलं
आणि खिळ्यांचा भाव विचारला.
गाव विसरली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.
घरी येऊन हिशोब केला:
एक्केचाळीसातल्या चार खेपा माझ्याच,
त्यातल्या दोन बिअरसाठी.

खुराड्याची फळी आता
गोठलेल्या तळ्यावरच्या माझ्या झोपडीला आहे,
नाव आतल्या बाजूला, उलटं.
मासा गळाला लागेपर्यंत वाचायला तेवढंच.

जानेवारीत एकदा फोन वाजला. पहाटेचे तीन.
किती पडलं?
मी खिडकीशी गेलो. चौदा इंच, म्हटलं, आणि पडतंय.
हायनो निघाला?
निघाला.
सिग्रिडच्या फाटकाशी सांग त्याला...
सिग्रिड ऑक्टोबरात गेली, एल्ना.

लॅन्सिंगहून इथवर आठ तासांचा रस्ता आहे.
तेवढा सगळा रस्ता गप्प होता.
मग कागदाचा आवाज आला,
पान उलटल्याचा की फाडल्याचा, कळलं नाही.
पेटी कुणी सरळ केली का? तिनं विचारलं.
नाही, म्हटलं.

पुढच्या साली सिनेटला उभी राहतेय म्हणे.
मला कुणी काही विचारलेलं नाही.
शेडमध्ये निळ्या रंगाचा अर्धा डबा आहे,
काल सहज उघडून पाहिला.
वर साय धरलीय. खाली अजून ओला आहे.