डावा

देवळाली कॅम्पात, लॅम रोडला लागून माझं टायपिंगचं दुकान.
भाडेकरार, पासपोर्ट फोटो, दहाव्याचे कार्ड,
आणि यंदा तोफखान्याच्या संग्रहालयाच्या पाट्या.
पितळी पाटी, चार खिळे.
साहेबांचं पत्र: मजकूर चाळीस शब्दांत बसवावा.

वस्तू क्रमांक एकशे सतरा. दुर्बिणीचा डबा.
आत दुर्बीण नाही.
झाकणाच्या पोटात कोरलेलं नाव,
आडलबेर्ट फॉन ट्रेस्कनाऊ, प्रशियन तोफखाना.
इथवर कसा आला, नोंद नाही.
कुणा गोऱ्याचं सामान लिलावात निघालं असेल,
कुणीतरी तांब्या-परातीसोबत वजनावर घेतला असेल.

सोबत दोन कागद, एक फोटो.
कागदावर माणूस म्हणजे नुसत्या पायऱ्या:
अकराव्या वर्षी छात्रशाळा, सतराव्या वर्षी लेफ्टनंट.
मग सोळा वर्षं काहीच नाही.
सोळा वर्षं घोड्यांना खरारा, पोरांना कवायत,
थंडीत आखडलेली बोटं;
कागदाला त्याचं काय.
चौसष्टला ड्युब्योल, कॅप्टन.
सहासष्टला केनिगग्रेट्स, मेजर, एक पदक.
सत्तरला सेदान, कर्नल, आणखी एक.
जाताना मानद मेजर जनरल.
मग ग्योर्लित्स नावाचं गाव, आणि तिथं मरण.
लग्न केलं होतं. बाईचं नाव नाही,
"सपत्नीक" एवढंच.

मी मोजले. सदतीस शब्द.

डबा पुसायला आप्पा आले.
यादव पुंजाजी गायधनी, मुक्काम पळसे,
तोफांजवळ बावीस वर्षं, आता संग्रहालयात झाडू, किल्ल्या, ब्रासो.
निवृत्तीच्या दिवशी तेही मानद झाले, मानद नायब सुभेदार.
मानद म्हणजे काय, मी शाळेत असताना विचारलं होतं.
म्हणाले, निघताना पाठीवर ठेवलेला हात.

फोटो त्यांनी दारातल्या उजेडात नेला, चष्मा कपाळावर चढवला.
मिशा पाहिल्या नाहीत. पदकंही नाहीत.
"डावा गेलाय ह्याचा."
काय, मी म्हटलं. उत्तर नाही.
उजवीकडून जाऊन पुन्हा म्हटलं, काय?
"कान गं, डावा. मान बघ ना.
उजवा कसा पुढं केलाय.
फोटोवाला काहीतरी सांगतोय, हलू नका म्हणत असंल,
अन् ह्याला कळलं नाही.
कळल्यासारखं करतोय."

एवढ्या कागदांत ते कुठंच नव्हतं.

आई ताट नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसून वाढायची.
मला ती जेवणाची रीत वाटायची.
आणि ती सपत्नीकातली बाई,
ग्योर्लित्सच्या फरसबंद रस्त्यावरून संध्याकाळी चालताना
नकळत पलीकडून अलीकडे येत असेल,
एकच वाक्य दुसऱ्यांदा म्हणत असेल,
कधी कंटाळून म्हणतही नसेल.

बाराच्या सुमारास रेंजवर फायरिंग सुरू झालं.
कपाटाची काच थरथरली, स्टेपलरच्या पिना डबीत नाचल्या.
आप्पांनी तळहात काचेवर टेकला,
जशी सुईण पोटावर टेकते.
"एकशे पंचावन्न," म्हणाले. "दुसरी जरा उशिरा उडाली.
नवी पोरं दिसतात."

तीन शब्द शिल्लक होते. मी टाइप केलं:
डावा कान अधू.

साहेबांनी लाल पेनानं काढलं. शेजारी लिहिलं, पुरावा?
बरोबरच होतं त्यांचं.
मी काय जोडणार होते, आप्पांची मान?

पाटी लागली सदतीस शब्दांची.
खाली बोटभर पितळ कोरं राहिलं आहे,
ते आप्पा उगाच जास्त घासतात.

परवा भगूरच्या शाळेची सहल आली होती.
दोन वेण्यांची एक मुलगी फोटोवर बोट ठेवून,
डबा खाता खाता, तोंडात पोळी तशीच,
"काका, हा कोण होता?"

आप्पांनी मान वळवली.
उजवा कान पुढे करून, हसून, जराशी घाई करत
म्हणाले,
"हो हो, पाणी तिकडं आहे."