अर्धा टँकर

पीथमपूरच्या पलीकडे, परवापरवापर्यंत सोयाबीन होतं तिथं,
कुणीतरी डांबराचं वेटोळं टाकलंय.
अकरा वळणं. एकाही वळणावर ढाबा नाही.
आम्ही बारा ट्रक उभे. मागं हौदा नाही, माल नाही, बिल्टी नाही,
नुसतं डोकं आणि इंजिन,
नेसूचं सोडून पंगतीत बसवल्यासारखे.

मी फणसे. सात नंबर.
बावीस वर्षं एबी रोड. भेरूघाट उतरताना
देवाचं नाव न घेणारा एकटा माणूस, असं मीच सांगतो.
रेसमध्ये तिसरं वर्ष. घरी दोन कप,
त्यातल्या एकात बायको दूधवाल्याचे सुटे पैसे ठेवते.

एकोणीस नंबरला निवृत्ती बारगळ. घरचे निवू म्हणतात.
त्यांचा नेहमीचा ड्रायव्हर काविळीनं झोपला
म्हणून हा पोरगा. पहिलीच रेस.
हेल्मेट उसनं, दोन आकडे मोठं,
हनुवटीखाली टॉवेल कोंबलेला.
सकाळी पोह्यांच्या गाडीशी मला विचारतो,
"काका, लांबट वळणाला ब्रेक कुठं?"
मी म्हटलं, शंभरच्या पाटीला.
मी स्वतः मारतो पन्नासला.
हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

झेंडा पडला.
पाच-पाच टनांची बारा धुडं एकाच दारातून आत घुसायला गेली,
कुणाचा आरसा गेला, कुणाचं बंपर फरफटत आलं,
आणि दोन फेऱ्यांत मी पुढं, एकटा,
खिडकीतून गरम रबराचा वास.

आरशात एकोणीस.
शंभरच्या पाटीला नाही, दीडशेलाच ब्रेक मारत होता!
स्टँडवरची माणसं हसली. मीही हसलो असेन.
वळणाच्या आधी ट्रक जणू विचारात पडायचा,
एक श्वासभर काहीच करायचा नाही,
आणि मग असा सुटायचा
की सरळ रस्ता संपेस्तोवर आरसा भरून जायचा.

नवव्या फेरीला माझ्या ब्रेकचं पाणी संपलं.
दहाव्याला पेडल भाकरीच्या पिठासारखं.
पन्नासची पाटी आली, गेली,
मी रुंद गेलो, फार नाही, एका ट्रकाएवढा.
तेवढीच जागा.
तो आतून निघून गेला,
हॉर्नसुद्धा न वाजवता. मला तेच लागलं.

संध्याकाळी माइकवाला त्याला काय काय विचारत होता,
तो हो हो म्हणत होता, डोळे घड्याळावर.
गर्दी पांगल्यावर मी गाठलं.
म्हटलं, शंभरचं तुला खोटं सांगितलं होतं.
"माहीत होतं, काका.
तुमच्या टायरचे काळे पट्टे पन्नासला होते.
काल संध्याकाळी चालत फिरलो मी सगळा ट्रॅक."

मग दीडशेला का?

तो टॉवेल पिळत म्हणाला,
"मी मांगलियाला दुधाचा टँकर चालवतो.
भरलेला सोपा, रिकामाही सोपा.
अर्धा असला की मात्र दूध तुमचं ऐकत नाही.
तुम्ही थांबता, ते नाही थांबत.
तुम्ही वळता, ते आधी सरळ जातं, मग येऊन पाठीत बसतं.
म्हणून लवकर ब्रेक. मग थांबायचं.
लाट येते, आदळते, निवते.
निवली की पाय दाबायचा."

अरे, पण आज मागं टाकीच नव्हती.

"हो ना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला,
"पण पाठीला कुठं माहीत."

पहाटे तीनला डेअरीवर हजेरी होती त्याची.
कप मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून दोरी बांधली,
दोन वेळा हलवून पाहिली,
आणि गेला, राऊच्या बाजूला, सावकाश.

मी आयुष्यभर सळया वाहिल्या.
सळई बांधली की बांधली.
ती मागून कधी काही सांगत नाही.