उजवा कान

एकाहत्तरच्या डिसेंबरात, कुठल्याशा नदीकाठी
गोकुळदास माजिकांचा डावा कान राहून गेला.
बाकीचा माणूस डिचोलीला परत आला,
पलटणीतून पोलिसांत,
खाकीतून खाकीत.

लढाईबद्दल विचारलं तर म्हणायचे,
"चिखल खूप होता."
मग चहा ढवळत बसायचे,
साखर नसलेला.

तक्रार घेऊन येणाऱ्याची खुर्ची टेबलाच्या उजवीकडे.
खाणीवरचा माणूस पाकीट घेऊन आला
तो नेमका डावीकडे वाकून कुजबुजला.
"मोठ्यानं सांग," फौजदार म्हणाले,
"अख्ख्या ठाण्याला कळू दे."
ट्रकखाली गेलेल्या पोराची सायकल तेव्हा
बाहेर चिऱ्याच्या भिंतीला टेकून होती,
लाल धुळीनं माखलेली,
घंटी शाबूत.

मला ते भेटले शिरगावच्या जत्रेत.
मी पाच वर्षांचा, हरवलेला,
मोगऱ्याच्या वासानं गुदमरलेला,
भोवती धोंडांच्या वेतकाठ्यांचं रान.
त्यांनी उचलून उजव्या खांद्यावर बसवलं,
त्या बाजूचं रडणं त्यांना ऐकू यायचं.
"कोणाचो रे तूं?"
बापाचं नाव आठवेना, म्हशीचं सांगितलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

पुढं मी त्याच ठाण्यात कारकून झालो.
वाळवी लागलेल्या दप्तरात नोंद सापडली:
मुलगा एक. निळा सदरा.
डाव्या पायात चप्पल, उजव्यात नाही.
म्हशीचे नाव चांदू.
पहाटे साडेचार वाजता आईच्या ताब्यात दिले.

परवा ते गेले.
निवृत्त माणसाची नोंद ठाण्याच्या डायरीत करत नाहीत.
मी केली. वेळ आधी लिहिली, त्यांनी शिकवल्यासारखी.
"ताब्यात दिले" इथवर आलो
आणि पेन तिथंच टेकवून बसलो,
शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत.

काजूचे दिवस. भट्ट्यांचा आंबूस वास
थेट मसणवटीपर्यंत.
बिगुलवाला पोरगा नवा, शेवटचा सूर त्याला पेलला नाही,
मध्येच फाटला.
म्हातारा हवालदार फ्रान्सिश्कू टोपी काढून
टोपीतच बघत राहिला.

तिरडीला मी डोक्याकडून खांदा दिला,
उजव्या बाजूनं, मुद्दाम.
नदीपर्यंत वाट तशी बरीच होती,
सांगायचंही बरंच होतं.
ऐन वेळी काही म्हणता काही आठवेना.
हळूच म्हटलं,
चांदू.