लागण

हळद लागल्यावर उंबरा ओलांडू नये,
शालूआत्या दोनदा म्हणाली.
तरी निघाले. हडपसरची गर्दी टाळून
कालव्याच्या कडेने, भावाच्या स्कूटरवर,
कारण मांजरीच्या शेतावर दोन खोल्यांत मिळून
माझे नऊशे तुडतुडे होते
आणि त्यांच्या मक्याला पाणी घालणारे थोपटेकाका
माझ्याच हळदीत जिलेबी वाढत होते.

तांदळाच्या कणीएवढा जीव.
सरळ चालणं त्याला ठाऊक नाही.
वाकून बघावं, तर खेकड्यासारखा तिरका सरकून
पानाच्या दुसऱ्या अंगाला.
मादी शिरेत अंडं खुपसते, टाका घालावा तशी.
पिल्लू पाचदा कात टाकतं, मग पंख.
नर साद घालतो ती हवेत ऐकू येत नाही,
तो पोट थरथरवतो, आणि मक्याचं ताट ती पोचवतं.
एकदा मी ताटाला सेन्सर लावून ऐकलं होतं :
शेजारच्या फ्लॅटमध्ये, टेबलावर,
कुणाचा तरी फोन थरथरतोय
आणि कुणी उचलत नाहीये.

पहिल्या खोलीतले निरोगी.
दुसरीतल्यांनी रोगट पानाचा रस प्यायलेला, एकदाच.
एकदाच पुरतो.
आतड्यातून रक्तात, रक्तातून लाळेत,
मग मरेपर्यंत ज्या कोवळ्या मक्याला तोंड लावेल
त्याच्या पानांवर फिकट रेघा, एकेरी वहीसारख्या,
आणि कणीस धरलंच तर बोटाएवढं.
फक्त अंड्यात तो विषाणू उतरत नाही.

दारावर नियम, माझ्याच अक्षरात :
आधी निरोगी, मग रोगी. कोट घातल्याशिवाय प्रवेश नाही.
कोट मी खुंटीवरच ठेवला. पांढराशुभ्र, कालच धुतलेला,
हळदीचा डाग काही केल्या निघत नाही.
आणि काचेतून दुसऱ्या खोलीतली कुंडी माना टाकलेली दिसली
म्हणून आधी तिथे शिरले.
पिंजऱ्याची चेन उघडली, कोपरापर्यंत हात आत.
कोपरापर्यंत पिवळा हात. पिवळी साडी. पिवळे कान.

थेऊरच्या शेतकऱ्यांना मीच सांगते ना :
गावाने मिळून एकदमच पेरा,
आपोआप उगवलेला मका उपटा, बांधावरचं गवत काढा,
बियाण्याला औषध चोळा, फवारा सगळ्यात शेवटी,
नाहीतर अंड्यात अंडं घालणारी ती चिलटाहून बारीक गांधीलमाशी
आधी मरेल.
आणि पिवळे चिकट सापळे लावा, म्हणते,
तुडतुड्याला पिवळं म्हणजे कोवळं पान वाटतं.

वाटेतल्या वाऱ्याने माझी हळद वाळली होती.
चिकटपणा नसलेला सापळा
म्हणजे नुसतं वाहन.

अकराव्या दिवशी सासवडहून परतले,
तर निरोगी खोलीत चौथ्या कुंडीवर रेघ.
पाचवीवर. नवव्या कुंडीवर तर मोजवेनात.
कानिटकर मॅडम ओरडल्या नाहीत.
विचारलं, त्या दिवशी काय घातलं होतंस?
मी हात पुढे केला.
नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या.

आत्याला फोनवर सांगितलं, तुझं बरोबर होतं.
ती खूश झाली. कारण मी सांगितलं नाही,
तिनेही विचारलं नाही.

आता रात्री दीड वाजता
थोपटेकाका टॉर्च धरून आणि मी भिंग लावून,
शिरेतून पिल्लू बाहेर येण्याची वाट बघतोय.
आलं की शून्य नंबरच्या ब्रशने अलगद उचलायचं
आणि नव्या रोपावर ठेवायचं,
या पानाचा पहिला घोट घेण्याआधी.
मिनिटं असतात हातात, कधी तेवढीही नाहीत.
आतापर्यंत सव्वीस.
काका म्हणतात, पोरी, तुझी मेंदी उतरली की.
मी म्हणते, हलू नका,
तिथे, डावीकडे,
डोळे दिसले.