स्रोत: स्वतःचा

सत्तावीस वर्षं मी सरनोबतांच्या फौंड्रीत हिशेब लिहितो,
उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
जिथं भट्टीचा वास चहात उतरतो.
यंदा मालक निवडणुकीला उभे राहिले.
म्हणाले, दाभोळे, खर्चाची वही तुम्हीच ठेवा,
तुमचं अक्षर सरकारी आहे.

वहीला छापील रकाने. तारीख, तपशील, दर, नग,
आणि अगदी कडेला, अंग चोरून बसलेला,
निधीचा स्रोत.
पहिल्या ओळीत मी लिहिलं: स्वतःचा.
खाली नुसती दोन टिंबं देत गेलो,
किराणावाला देतो तशी.

प्लास्टिकची खुर्ची, तिचा दर ठरलेला.
चहा, तोही.
मिसळीचा दर आहे, पण जादा पाव त्यात धरायचा की नाही
हे कुठल्याच परिपत्रकात नाही.
हलगीवाले तीन.
फेटे चाळीस. परत आले अकरा.

शाहूपुरीतल्या सभेत मालकांनी खिशावर हात मारला:
"मी कुणाचा मिंधा नाही! पै न् पै माझी!
ज्याचं पोट भरलंय, तो तुमचं कशाला खाईल?"
एकच जल्लोष झाला. मीही टाळ्या वाजवल्या.
रंकाळ्याच्या वाऱ्यानं घरी जाता जाता वाटलं,
भरल्या पोटाची भूक मरते
हे कुणी, कधी, कुणाच्या पोटावरनं ठरवलं?

पॅटर्नवाले बंडू सुतार सांगतात,
पॅटर्न मापापेक्षा जरा मोठाच करायचा,
ओतलेलं बीड निवताना आकसतं.
एवढंच सांगतात आणि तंबाखू मळत बसतात.

दुसरी वही खाकी पुठ्ठ्याची. तिला रकाने नाहीत.
तिच्यात मळ्यावरच्या रात्री आहेत,
तांबड्याची पातेली, पांढऱ्याची पातेली,
आणि नावांची नुसती आद्याक्षरं.
तीही माझ्याच अक्षरात.

फ्लेक्सवाल्याचं बिल आलं त्या दिवशी मी थबकलो.
चार लाख अडतीस हजार सहाशे.
माणसाचा चेहरा लक्षात राहावा
तसा मला आकडा लक्षात राहतो.
हा मी पाहिला होता, दसऱ्याच्या आधी,
फौंड्रीच्या खतावणीत, 'कामगार देणे' खाली:
अठरा मोल्डरांचा पगारफरक,
इलाही मुजावरच्या भाजलेल्या हाताचे त्यात धरून.
शेरा होता, पुढच्या महिन्यात बघू.
शेराही मीच लिहिलेला.

आकडा तोच असेल योगायोगानं. असतो कधी कधी.
मी पेन झटकलं,
फ्लेक्सपुढं दोन टिंबं दिली.

तपासनीस आले, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
माणसं दोनशे, आणि प्लेटी साडेसहाशे?
म्हटलं, साहेब, कोल्हापूर आहे.
ते हसले. सही केली.

मालक तीनशे बारा मतांनी पडले.
त्या रात्री केबिनमध्ये दिवा न लावता बसले होते,
मला म्हणाले, माझंच गेलं ना, दाभोळे?
दुसऱ्या कुणाचं तर नाही गेलं?
सत्तावीस वर्षांत त्यांनी मला
हिशेबाचा असा प्रश्न विचारला नव्हता.
मी म्हटलं, बघून सांगतो.

अजून बघतोय.
इलाही डाव्या हातानं हजेरीची सही करायला शिकलाय.
न परतलेल्या एकोणतीस फेट्यांतला एक
माझ्या घरी आहे, पेटीत, नातवाच्या बारशाला होईल म्हणून.
कागदावर तो खर्ची पडलाय.
स्रोताच्या रकान्यात त्याच्यापुढंही
दोन टिंबं.