पाणी भरलां हा

देवगड बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या वर,
मच्छीमार सोसायटीच्या खोलीत
सात ते साडेआठ मी इंग्रजी शिकवते.
खाली लाद्या घसरत जातात टेम्पोत,
फळा थरथरतो,
आणि माझे बारा चौकोन, तीन काळांचे चार-चार,
दर लादीला थोडे पुसट होतात.

वर्गात नऊ जण. आठांना बोटीवर जायचंय,
मोठ्या बोटीवर, डॉलरच्या.
नववी शेवंती कोयंडे. तिचा नवरा आधीच गेलाय.

पहिल्याच आठवड्यात लवू सारंगचा फोन वाजला.
जेटीवरून तांडेल ओरडत होता.
‘इलंय, इलंय,’ म्हणाला लवू,
आणि बाकावरून हलला नाही.
म्हटलं, हेच इंग्रजीत सांग.
‘आय केम.’
वर्ग हसला. मी हसले नाही,
कारण मलाही नीट सांगता येईना:
आपण निघायच्या आधीच पोचलेले असतो,
आणि उंबरा ओलांडून जाताना ‘येतो’ म्हणतो.
बारातल्या कुठल्या चौकोनात बसवू हे?

प्रेझेंट परफेक्टवर गाडं अडलं.
क्रिया संपली, परिणाम उरला. पुस्तकात एवढंच.
मी कणकवलीच्या माझ्या सरांचंच उदाहरण काढलं:
कुणी जॉन, त्याची किल्ली हरवली आहे,
म्हणून जॉन दाराबाहेर उभा.
इथे दुसरी किल्ली शेजारणीकडे असते.
जॉनचं दुःख कुणाला समजेना.

लवू उठला. ‘बाई,
पाणी भरलां म्हटलां तर ती कालची गजाल.
पाणी भरलां हा म्हटलां
तर हयसर कित्याक बसाचा?
होडी काढूक व्हयी.’

मी खडू खाली ठेवला.
वीस वर्षं जॉनला दाराबाहेर उभं केलं होतं,
आणि हा एवढासा ‘हा’
माझ्याच आईच्या तोंडात होता.

शेवंती आली ती वर्ग सुटल्यावर.
दुधाच्या पिशवीत घडी घातलेला कागद.
जनार्दनची बोट उभी आहे परक्या बंदराबाहेर,
मालकाने हात झटकलेले,
नऊ महिने पगार नाही, तांदूळ मोजून शिजतो.
कंपनीला पत्र, स्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याचं:
माय हजबंड वर्क्ड इन युवर कंपनी.

‘चुकला काय?’
चुकलं नाही, म्हटलं. पण एवढं वाचून ते फाइल मिटतील.
केलं काम, झालं, बरं मग.
पेन घेतलं. हॅज वर्क्ड. फॉर इलेव्हन इयर्स.
त्याखाली: ही हॅज बीन वेटिंग.

तिने एकेका शब्दाखाली बोट धरलं,
विळीचा जुना व्रण असलेलं.
मग म्हणाली, ‘आणि माका, बाई?
माका पण ह्याच लागता?’
ह्याच. फक्त ‘ही’च्या जागी ‘आय’, हॅजचं हॅव.
‘आय हॅव,’ ती म्हणाली.
‘आय हॅव.’
पुढे गेली नाही.
मी दिवे घालवले.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या.
लवूला मुलाखतीत विचारलं,
पाच वर्षांनी कुठे असाल?
‘विल बी’ येत होतं त्याला, मी घोटून घेतलं होतं.
पण एवढं लांबचं आमच्यात कुणी मोठ्याने बोलत नाही.
तो गप्प राहिला. नापास.
आता पुन्हा पहिल्या बाकावर बसतो.

काल लिलावात शेवंती दिसली,
सुरमईवर बर्फ टाकत होती, आमच्याच कारखान्याचा.
विचारलं, उत्तर आलं?
‘नाय,’ म्हणाली.
मग हात थांबला,
शिकवलेलं आठवावं तशी क्षणभर वर बघितली,
आणि वाक्य दुरुस्त केलं:
‘अजून येवक नाय.’