सरासरीत न धरलेले दिवस

पहिले नऊ दिवस सरासरीत धरलेले नाहीत.
अहवालात कारण दिलंय : निरीक्षकाची उपस्थिती.
म्हणजे मी.

वाळपईहून त्या वेळेला बस नसते, म्हणून
सोसायटीच्या रिकाम्या कॅनमध्ये अंग चोरून बसायचं
आणि टेंपोतून चढायचं धनगरवाड्यावर, अंधारातच.
मांडीवर ताणकाटा, दुग्धमापी, सत्तेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली
आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र,
जे म्हशीला दाखवून उपयोग नव्हता.

तिचं नाव चांदरी. कपाळावर टिकलीएवढं पांढरं.
मी गोठ्याच्या दारात उभी राहिले की
ती कान मागे घ्यायची, पाय आखडायची,
आणि ठकूबाई वरक सडांना हात लावून म्हणायची,
'चोरला. आज पण चोरला पान्हा.'
तीन लिटरची म्हैस पावणेदोनवर.
मी लिहायचे : १.७५.
आकडा खरा होता. म्हशीचा नव्हता, माझा होता.

दहाव्या दिवशी तिनं आपली जुनी चादर,
शेण, धूर आणि झोपेच्या वासाची,
माझ्या खांद्यावर टाकली.
'आता बोलू नको. आणि ती पेनाची टकटक बंद कर.'
चरवीत पहिली धार पत्र्यावर वाजावी तशी वाजली,
मग आवाज जाड होत गेला, फेसात बुडाला.
दोन पूर्णांक नऊ.
संशोधनपद्धतीच्या प्रकरणात चादर कुठे लिहितात?

प्रश्न बारा : चारा.
काजूचे दिवस. धाकटा बिरू भट्टीवरून बोंडांचा चोथा आणायचा,
म्हशी तो खाऊन दुपारभर
फार विचारात असल्यासारख्या बसायच्या.
प्रश्न एकोणतीस : रात्री पाणी?
'रात्री कोण पाजतं? व्हाळ खाली आहे.'
संध्याकाळी सहा ते सकाळी सात, दावणीला कोरडं तोंड.

हे मला येत होतं. पुस्तकात होतं.
गोठ्यात रात्रभर पाणी ठेवा, दूध वाढेल.
पंधरा दिवस ठेवलं. वाढलं. चारशे मिली.
जिथे रेंज येते त्या दगडावर उभी राहून
मी सरांना ओरडून सांगितलं.

परतले तर ठकूबाई हंडा उतरवत होती. तिसरा.
डोक्यावरची चुंबळ निथळत होती.
'चारशेचे किती येतात?'
मी दर सांगितला, फॅटसकट.
ती थोडा वेळ ओठांतल्या ओठांत मोजत राहिली.
'एकशे बारा,' म्हणाली.
मला वाटलं रुपये.
पायऱ्या होत्या, व्हाळापासूनच्या.

पायऱ्यांसाठी रकाना नव्हता.
'श्रम : घरचे, बिनमजुरीचे' असा एक होता,
त्यात मी महिनाभर शून्य भरत आले होते.
सूचनापत्रात तसंच सांगितलेलं.

मग किरकोळ खर्चाच्या पैशांतून
नव्वद मीटर काळा पाइप. वाड्याच्या वरच्या झरीपासून
फणसाच्या मुळांवरून, कुडाला भोक पाडून, आत.
बिरूनं तोंडानं ओढून पहिलं पाणी आणलं,
थुंकला, हसला, पुन्हा थुंकला.
बिल लेखनसामग्रीत घातलंय. सरांनी अजून पाहिलेलं नाही.
झर मे महिन्यात टिकते की नाही, तेही.

नमुना : सात घरं, अकरा म्हशी, एक पाइप.
बाकीच्या सहा घरांच्या बायका
त्या पाइपवरून पाय उचलून जायच्या, हंडा घेऊन.
कुणी काही विचारलं नाही.
निष्कर्षांत हे कुठे बसवायचं, पाहते आहे.

शेवटच्या दिवशी चादर धुऊन दिली.
ठकूबाईनं ती नाकाशी नेली,
'वास घालवलास,' म्हणाली,
आणि धार काढायला बसली.
मी दारात, नुसतीच.
चांदरीनं कान मागे घेतले.

दोन पूर्णांक एक.
हाही लिहिला.